तो लाल खांब माझा होता

पडद्यावर माझं इंग्रजी होतं आणि अख्खा हॉल हसत होता.

"रिस्पेक्टेड सर, व्हेन बिग टाइड इज कमिंग अँड गेट इज ओपन, गेम इज डाइंग."

अद्वैतनं ते माइकवर मोठ्यानं वाचलं. थांबत थांबत, एकेक शब्द सुटा करून. नाटकात गावाकडच्या गड्याचं बोलणं म्हणून दाखवतात ना, तसं. वर नावाच्या जागी काळी पट्टी मारली होती. केवढी ती माणुसकी! पण वाक्य माझं होतं. आपल्या हातचं लिहिलेलं आपल्याला ओळखू येणार नाही का?

नवीन पनवेलमधला हॉल. एसी लावलेला. अद्वैत आणि त्याचा पार्टनर दोघं मिळून कॉम्प्युटरवरचे गेम बनवतात, कुठल्या मोठ्या कंपनीचे नोकर नाहीत, स्वतःच्या हिमतीवर. त्यांच्या पहिल्या गेमचा कार्यक्रम होता. समोर पन्नासेक माणसं, बहुतेक पोरंपोरी, तसलेच गेम बनवणारी किंवा बनवू बघणारी. मी पहिली पाळी करून तळोज्याहून थेट तिथं आले होते, पायात कंपनीचे बूट तसेच. आईला रिक्षानं बोलावून घेतलं होतं. ती ठेवणीतलं पातळ नेसून आली होती. कारण आम्हाला वाटलं होतं, आज आमचे आभार मानणार.

आईनं माझ्या कोपराला धरलं. "काय झाला गो? का हसतान ते?"

"काय नाय. गमतीचं हाय."

आणि मीही हसले. हो, हसले. सगळे हसतात तर आपण कसं तोंड पाडून बसायचं, म्हणून दात दाखवले. ते हसणं आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते. अद्वैतची नंतर वाटते, आधी माझी.

मग त्यानं खांबांचं चित्र लावलं. गेम विकत घेणारे विंडोजवाले, त्यांचा निळा खांब उंच. शेजारी लिनक्सवाले, नखाएवढे. पुढचं चित्र तक्रारींचं. तिथं उलटं. लिनक्सचा लाल खांब पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेला.

"मूठभर लोक आहेत हे," अद्वैत म्हणाला. "पण डोकं सगळ्यात जास्त हेच खातात. म्हणून आम्ही ठरवलंय, फायनल रिलीजपासून लिनक्स बंद."

टाळ्या. कुणीतरी शिट्टी पण मारली.

त्या लाल खांबात निम्म्याहून जास्त मी होते. दोन वर्षं मी त्याला जे जे मन लावून लिहून दिलं, ते त्यानं एकावर एक रचलं, त्याचा खांब केला आणि तोच माझ्या डोक्यात घातला.

आता नीट सांगते.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखंच, कॉम्प्युटर चालवणारं. पण फुकट. कुणा एकाच्या मालकीचं नाही. लोकांना वाटतं लिनक्स वापरणारे म्हणजे चष्मेवाले पंडित. डोंबल पंडित! पनवेलच्या बाजारात जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे, तिथून कुठल्यातरी हाफिसानं टाकून दिलेला लॅपटॉप मी घेतला. नवं विंडोज त्याला झेपेना. दुकानदार म्हणाला, "ताई, लिनक्स टाकून देतो, पळेल." पळाला. तेवढंच माझं लिनक्सचं तत्त्वज्ञान. पुढं गोडी लागली, रात्रंदिवस वाचून शिकले, ती गोष्ट वेगळी.

मी तळोज्यात एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. प्रत्येक बॅचमधनं नमुना काढायचा, तपासायचा, दिसेल ते लिहायचं. प्रॉडक्शनवाले वैतागतात. "मॅडम, तुमच्यामुळं बॅच अडते." अरे बाबांनो, माझ्यामुळं नाही, बॅच खराब आहे म्हणून अडते. मी फक्त सांगते. पण सांगणाराच डोळ्यांत खुपतो. हे मला नोकरीनं शिकवलं होतं आणि तरी मी अद्वैतच्या बाबतीत विसरले.

त्याचा गेम मिठागराचा होता. खाडीकाठी बांध घालायचा, भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. आणि मराठीत! आम्ही विचुंब्याला राहतो, पण बाबांचं सगळं आयुष्य उरणकडच्या मिठागरात गेलं. मी इंटरनेटवर हा गेम पहिल्यांदा बघितला तेव्हा खाली लिहिलं होतं, लिनक्सवर चालतो. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आमच्या घरातलं काहीतरी माझ्या डबड्या लॅपटॉपवर चालणार होतं. गेम अजून अर्धाकच्चा होता, पण त्यानं तो आधीच विकायला काढला होता. असं करतात हे लोक. घेणाऱ्यांनी खेळायचं, बिघाड सांगायचे, यांनी ते सुधारायचे.

मी घेतला. चालू केला. पाच मिनिटांत बंद पडला.

दुसरं कुणी असतं तर शिव्या घालून मोकळं झालं असतं. मी लॅबवाली. परत चालू केला, परत बंद पाडला, काय केल्यावर पडतो ते वहीत लिहिलं. लिनक्समध्ये गेम मरताना आपण कशानं मेलो ते एका फाइलीत लिहून ठेवतो, ती फाइल जोडली आणि अद्वैतला पाठवलं. मराठीत.

त्याचं उत्तर तासाभरात आलं. "वॉव! असा रिपोर्ट मला आजवर कुणीच दिला नव्हता. फक्त इंग्लिशमध्ये लिहाल का? माझा पार्टनर मराठी वाचत नाही."

म्हणून मी इंग्रजीत लिहायला लागले. मराठी शाळेत दहावी आणि पुढं गाइडं वाचून केमिस्ट्री, तेवढं माझं इंग्रजी. त्याच्यासाठी लिहिलं. त्यानंच सांगितलं म्हणून लिहिलं.

दोन वर्षं. पाळीवरून यायचं, जेवायचं, खेळायचं, लिहायचं. माझ्यासारखे आणखी चारदोन लिनक्सवाले होते, कुणी नाशिकचा, कुणी कुठला. सगळ्यांची तीच सवय. बिघाड दिसला की गप्प बसायचं नाही, नीट शोधून, पुरावा जोडून सांगायचा. लिनक्सवर आम्हाला सगळं फुकट मिळतं ते असंच कुणी कुणी सांगितलेलं, सुधारलेलं असतं. मग आपणही तसंच करायचं, असं आम्ही मानतो. विंडोजवाल्याचा गेम बंद पडला तर तो दुसरा गेम लावतो. आम्ही पत्र लिहितो. हा आमचा गुन्हा.

बाबा मिठागरातले, हे माझ्याकडून कळल्यावर एका रविवारी अद्वैत घरी आला. आईनं भाकऱ्या आणि जवळ्याचं सुकं केलं होतं. तो शाकाहारी निघाला. आईची कोण धावपळ! शेजारून वांगी आणून भाजी केली. बाबा तेव्हा होते. उघाडीची फळी कधी उचलायची, पाणी एका कोंडीतनं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातनं, दुसऱ्या कोंडीत कसं सोडायचं, सगळं त्यांनी त्याला हातानं जमिनीवर काढून दाखवलं. उघाडी म्हणजे बांधातलं दार, खाडीचं पाणी आतबाहेर करायचं. गेममध्ये तोवर उघाडी नव्हतीच, नुसतं पाणी कुठूनही आत येत होतं. बाबा म्हणाले, "असा नाय येत पानी. पानी इचारून येतं."

अद्वैतला ते एवढं आवडलं की त्यानं माइक काढला. गेममध्ये मोठं उधाण येतं तेव्हा एक म्हातारा हाक मारतो. ती हाक बाबांची.

"उधान आलाय रं! उघाडी बांदा!"

तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा बाबांना खोकला आला, तोही त्यानं ठेवला. म्हणाला, "खरं वाटतं."

मागच्या वर्षी बाबा गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी आई माझ्या शेजारी येऊन बसायची. "लाव तुज्या बापाला." मी उधाणाची भरती लावायची. बाबा हाक मारायचे, खोकायचे. आई पदर तोंडाला लावून ऐकायची आणि भाताला जायची. रडायची नाही. ऐकून झालं की उठायची, बस्स.

हे अद्वैतला माहीत होतं. मी स्वतः लिहिलं होतं त्याला. त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं.

तर त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर तो दाराशी भेटला. "अगं, तू आलीस! मनाला लावून घेऊ नकोस हं. नाव कुठं दाखवलं आम्ही?"

मी म्हटलं, "नाही सर, ठीक आहे."

सर! माझ्याहून चार वर्षांनी लहान. आणि मी अजून सर म्हणतेय. आई मागं उभी होती, तिला त्यानं ओळखलं नाही. किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं. जिच्या घरी वांग्याची भाजी खाल्ली ती बाई.

रिलीज झाला त्या दिवशी मी लॅपटॉप उघडला, अपडेट आला आणि गेमचा फोल्डर रिकामा झाला. विंडोजचा गेम लिनक्सवर चालवायची एक वाट असते, ती पण करून बघितली. माझ्या जुन्या मशीनला ती झेपत नाही. काळा पडदा, बाकी काही नाही.

आणि माझ्याकडं कॉपी नव्हती.

लॅबमध्ये मी प्रत्येक बॅचचा नमुना बाटलीत भरून, चिठ्ठी लावून, कपाटात ठेवते. माल ट्रकमधून गेला तरी नमुना आपल्याकडं राहिला पाहिजे, उद्या भांडण झालं तर. हे मी नव्या पोरींना शिकवते! आणि बापाच्या आवाजाचा नमुना ठेवला नाही. का ठेवीन? विश्वास होता. अद्वैत काय पळून जाणार आहे, असं वाटत होतं. मूर्ख मी. ठार मूर्ख.

संध्याकाळी आई येऊन बसली. "लाव."

"नाय लागत आता."

"बिगाडला?"

"नाय. त्यांनी बंद केला."

"आपला बंद केला?" आईला कळेना. "आपल्या मान्साचा आवाज हाय ना त्यात?"

काय सांगायचं तिला? खांबांचं चित्र समजावायचं?

तीन आठवडे गेले आणि एका शनिवारी अद्वैत दारात. हातात मिठाईचा बॉक्स.

"ताई, बोलायचं होतं."

आता ताई झाले.

त्याचा गेम मरत होता. मोठं उधाण आलं, उघाडी उघडी असली, तेव्हाच गेम आपोआप सेव्ह व्हायला लागला की खलास. विंडोजवर. शेकडो लोक शिव्या घालत होते. त्याच्या भारी मशीनवर तो बिघाड दिसतच नव्हता, कारण तिथं सगळं झटक्यात होतं. साध्या, जुन्या, हळू चालणाऱ्या लॅपटॉपवरच दिसायचा. म्हणजे तो बिघाड लिनक्सचा कधी नव्हताच. गरिबाच्या मशीनचा होता. लिनक्सवर पहिल्यांदा दिसला, कारण लिनक्सवाल्यांकडं जुनी मशीनं होती आणि त्यांनी तोंड उघडलं होतं. अद्वैतनं माझ्या त्या रिपोर्टवर "फक्त लिनक्स, दुरुस्त करणार नाही" असा शिक्का मारला होता आणि नंतर लिनक्सच्या सगळ्या तक्रारी एका दमात पुसून टाकल्या होत्या. उरलं होतं काय, तर हसण्यासाठी पडद्यावर लावलेली ती एक ओळ. गेम इज डाइंग.

मरतच होता की! मी काय वेगळं सांगितलं होतं?

"तुझ्याकडं त्या फाइली असतील ना?" तो म्हणाला. "आणि ती स्टेप्सची वही? प्लीज. मी तुला तुझ्यापुरता लिनक्सवर चालणारा गेम बनवून देतो. फक्त तुला. कुणाला बोलू नकोस, नाहीतर सगळे मागतील. काकूंना बाबांचा आवाज ऐकता येईल. पेनड्राइव्हवर नुसता आवाजही देतो, वेगळा."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. 'आवाज' एवढा शब्द तिनं ऐकला. ती पुढं आली आणि म्हणाली, "दे ना गो त्याला, काय मागतो ता."

माझा जीव तिथं अर्धा झाला. कपाटात वही होती. फाइली लॅपटॉपमध्ये होत्या. दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांत बाबा घरात परत आले असते.

मी विचारलं, "सर, तो पेनड्राइव्ह तुम्ही आज आणलाय?"

"हो, आहे ना खिशात. म्हणजे आधी त्या फाइली बघू, मग…"

बापाचा आवाज खिशात घालून तो माझ्या दारात सौदा करायला आला होता. त्या क्षणी माझ्या तोंडातलं सर गेलं, आणि भीती पण गेली. मला एकदम दिसलं, हा माणूस वाईट नाही, बावळटही नाही. त्याला आम्ही माणसं म्हणून दिसतच नाही. गरज असली की ताई, नसली की डोकं खाणारे मूठभर.

मी म्हटलं, "नाशिकच्या मुलानं पण तुला दोन वर्षं रिपोर्ट दिले. त्याला देणार?"

"अगं, ते शक्य नाही. धंदा आहे शेवटी."

"मग मला एकटीला नको."

"ताई, इमोशनल होऊ नकोस."

"मी लॅबमध्ये काम करते. इमोशनल होऊन रिपोर्ट लिहीत नाही. ऐक. त्या हॉलमध्ये तू सांगितलंस की आम्ही तक्रारखोर. तिथंच उभं राहून सांग की ते बिघाड सगळ्यांचे होते, आम्ही ते आधी शोधले, आणि तू पुसले. लिनक्स सगळ्यांसाठी परत चालू कर. मग वही नेऊन वाच, माझ्या इंग्रजीला पाहिजे तेवढा हस. हे जमत नसेल तर बाबांचा आवाज काढ. माझ्यापुरता नाही, सगळ्यांच्या गेममधनं काढ. ज्या घरातनं नेला त्या घराला तो ऐकू येत नसेल, तर तो कुणालाच विकायचा नाही."

तो हसला. तेच हॉलमधलं हसू. "काढला तर तुझ्या आईला कधीच ऐकू येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान वर केली नाही. मिठाईचा बॉक्स उचलला, त्याच्या हातात दिला आणि दार लावलं.

त्याच दिवशी मी गेमच्या पानावर लिहिलं. सगळ्यांसमोर, माझ्या पूर्ण नावानं, मराठीत. खेळणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांना सांगितलं, उधाण यायच्या आधी उघाडी बंद करा, मग सेव्ह करा, गेम मरणार नाही. खाली लिहिलं, हा बिघाड मी रिलीजच्या कितीतरी आधी शोधला होता, तो का पुसला ते बनवणाऱ्याला विचारा. आवाजाचंही लिहिलं. कुणाचा आहे, कसा नेला, आणि आता आमच्याच घरात का ऐकू येत नाही. त्यानं ते काढून टाकलं. मी परत लिहिलं. नाशिकच्या मुलानं त्याच्या नावानं लिहिलं. मग आणखी दोघांनी.

काही जणांनी मला लिहिलं, फुकटे लिनक्सवाले, सगळं फुकट पाहिजे तुम्हाला. मी गेम विकत घेतला होता. आणि दोन वर्षं फुकट राबले कोण, मी की अद्वैत?

गेममध्ये बाबा अजून हाक मारतात. दुसऱ्यांच्या घरात. आमच्या नाही. कुणाच्या विंडोजवरनं मोबाइलमध्ये भरून आणता येईल, पण तसा चोरून मला नकोय. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. परवा ताट वाढताना म्हणाली, "तुजा हट्ट मोटा, तुज्या बापापेक्षा मोटा." त्यात खोटं काही नव्हतं. तिला दुःख मी दिलंय. ते कुणाच्या माथी मारणार नाही.

पण आता मी चूप बसत नाही आणि चूप बसण्याचं बक्षीसही घेत नाही. माझ्या हातचा रिपोर्ट ज्याला हवा असेल, त्यानं तो माझ्या नावासकट घ्यायचा, आणि मी शोधलेलं माझ्यासारख्या सगळ्यांना मिळायला हवं. नाहीतर मिळणार नाही. आईलाही मी स्पष्ट सांगितलंय. बाबांचा आवाज या घरात यायचा असेल तर पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत येईल. कुणाच्या खिशातनं, गुपचूप, मागच्या दारानं नाही. तोवर हे घर मुकं राहिलं तरी चालेल.